ह.भ.प. … महाराज की ताई?

कृष्णाकाठ: मंडळी, अडलंय. आमचं गाव मिरजेच्या अलीकडचं. सप्ताहाची पत्रिका छापायला टाकलीय. सात दिवस, सात कीर्तनं, पाचव्या दिवशी एक बाई आहेत. बाकी सहाजणांच्या नावापुढे 'महाराज'. मी बाईंनाही तेच लिहून दिलं. प्रूफ आलं तर तिथे 'ताई', आणि टाइपही बारीक! प्रेसवाला म्हणतो, "तुमची चूक दुरुस्त केली." कमिटीतले तात्या म्हणतात, महाराज पुल्लिंगी. मग लिहायचं काय, महाराणी?

शब्दवेडा_वाई: गडबड 'ह.भ.प.'पासूनच आहे. हरिभक्तपरायणचं स्त्रीलिंग हरिभक्तपरायणा. आद्याक्षरांत तो 'आ' लपतो म्हणून निभावतं. 'कीर्तनकर्त्री' लिहा, निर्दोष शब्द आहे.

तासगावची लेक: निर्दोष आहे, पण तोंडात बसेल का? माझी आज्जी म्हणायची, "आज बाईबुवा हाय देवळात, लवकर जेवून घ्या." कुणाचं काही अडलं नाही.

नाना मिरजकर: 'ताई' काय वाईट आहे? प्रेमाचा शब्द. उगा वाद.

तासगावची लेक: प्रेमाचाच आहे नाना. मग बाकी सहांना 'दादा' छापा.

गडवाट (सातारा): मिरजेत राहून नानांना वेणाबाई आठवू नयेत? बालविधवा. रामदासांनी त्यांना कीर्तनाची मुभा दिली, मिरजेचा मठ सोपवला. समाधी इथे सज्जनगडावर. लोक काय म्हणतात? वेणास्वामी. व्याकरणाने स्वामिनी हवं, पण १७व्या शतकापासून आजवर कुणी प्रूफ दुरुस्त केलं नाही. रामदासांच्याच शिष्या अक्कास्वामी, त्यांचंही तेच.

शब्दवेडा_वाई: ती सांप्रदायिक उपाधी. तिथे लिंग बघत नाहीत.

गडवाट (सातारा): मग महाराज ही काय भाजीमंडईतली उपाधी आहे?

कृष्णाकाठ: 😀 आणि माउली? शब्द बाईचा, म्हणतो ज्ञानोबांना. विठोबाची विठाई केली. वारीत तर मिशीवाल्या हवालदारालाही माउली. तेव्हा तात्यांना पुल्लिंग आठवत नाही.

शब्दवेडा_वाई: मराठीची खरी अडचण '-ईण'. पाटलीण, गुरवीण, भटीण म्हणजे बायको. मास्तरीण मात्र स्वतः शिकवणारी. म्हणून 'पुरोहितीण' म्हटलं की पुरोहिताची बायको डोळ्यांपुढे येते. संस्कृतात पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला, तिथून पुरोहिता सरळ होतो. पुण्यात बायका पौरोहित्य शिकून लग्नं लावू लागल्या त्याला चाळीसेक वर्षं झाली, तरी आपण अजून 'स्त्री-पुरोहित' म्हणतो.

वारणेचा: २०१४ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, बडवे-उत्पातांचे हक्क गेले. मग मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले, बायकांनाही मुभा होती. तेव्हा आमच्या ऑफिसात दोन दिवस हाच वाद. पुजारीण म्हणायचं की बाई पुजारी? नेमणुकीचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही, शब्दावरच चहा संपला.

जैन गल्ली, सांगली: आमच्याकडे शब्दांची ददात नाही. साध्वींना आर्यिका, क्षुल्लिका, त्यांच्या प्रमुख त्या गणिनी. सगळे मूळचेच स्त्रीलिंगी. पण आर्यिका कितीही वर्षांच्या दीक्षित असोत, कालच्या मुनींना वंदन त्यांनीच करायचं. लहानपणी आईला विचारलं तर तिने पदराने तोंड पुसलं, म्हणाली, "आहार व्हायचाय, गप बस." तेव्हा शब्द मिळाला की पाट मिळतो, या भरवशावर राहू नका.

तासगावची लेक: काल्याचं, म्हणजे समारोपाचं मानाचं कीर्तन कुणाकडे आहे हो, कृष्णाकाठ?

कृष्णाकाठ: महाराजांकडेच. म्हणजे, त्या सहांतल्या एकांकडे.

नाना मिरजकर: बुवा या शब्दावरून आठवलं, बुवाबाजीत बाईबाजी का होत नाही?

शब्दवेडा_वाई: नाना, तो वेगळा धागा काढा.

कृष्णाकाठ: पत्रिका आली. छापलंय 'ह.भ.प. सौ. … ताई'. बाईंचे मालक जाऊन बारा वर्षं झाली. हे 'सौ.' कुणी घातलं, कमिटीत कुणालाच माहीत नाही. आता श्रीमतीची चिकटपट्टी लावावी म्हणतो.

शब्दवेडा_वाई: श्रीमती म्हणजे विधवा नव्हे! मूळ अर्थ वैभव असलेली. कुणाच्याही नावाआधी चालतं.

नाना मिरजकर: आमच्या घरी कुणी हिला श्रीमती लिहून बघावं. पत्र घेणार नाही.

वारणेचा: मग 'सौ.'ला पुल्लिंगी काय हो?