मदत हवी आहे : सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) आहे, उड्डाणाचे तास जेमतेम २०० च्या वर. पुढचे तास पगारावर कसे मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली. डीजीसीएचं (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) कमर्शियल पायलट लायसन्स आहे, सोबत मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानांचं) आणि इन्स्ट्रुमेंट (उपकरणं बघून उडवण्याचं) रेटिंग. लॉगबुकात २०० तासांहून थोडे जास्त. लायसन्ससाठीच किमान २०० तास लागतात, म्हणजे अनुभव म्हणून दाखवायला माझ्याकडे जवळजवळ काही नाही. बाबा कापूस आणि तूर घेतात. प्रशिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलं आणि एक वावर विकलं. उरलेलं वावर विकून मला टाइप रेटिंग (एका ठरावीक प्रकारचं मोठं विमान उडवण्याची परवानगी) करून द्यायची त्यांची तयारी आहे. मला ते होऊ द्यायचं नाही, म्हणून हा धागा.

गावात लोक बाबांना विचारतात, "पेपरात तर पायलट मिळत नाहीत म्हणून येतं, मग पोरगी घरी कशी?" तुटवडा आहे तो कॅप्टनांचा आणि टाइप रेटेड लोकांचा. माझ्यासारख्यांचा नाही. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने १६२२ सीपीएल दिली. त्यातल्या बहुतेकांच्या लॉगबुकात माझ्याइतकेच तास असणार आणि सगळे त्याच दोन-चार कंपन्यांच्या जाहिरातीची वाट बघणार. बाबांना हे समजावून सांगितलं, त्यांना पटलंही. पण चावडीवर रोज कोणाकोणाला सांगणार ते?

टाइप रेटिंगचा विचार करून झाला आहे. एअरबस ३२० असो की एटीआरसारखं छोटं प्रवासी विमान, खर्च लाखांत जातो, आणि नोकरीचं पत्र हातात नसताना ते करणं मला धोक्याचं वाटतं. रेटिंग झाल्यावर जाहिरात लांबली तर सिम्युलेटरवर जाऊन सराव टिकवायला पुन्हा पैसे. आत्तासुद्धा क्लास वन मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवायला दरवर्षी खर्च होतोच, आणि तो कापसाच्या पैशातून होतो. स्वतःच्या पैशाने सेसना भाड्याने घेऊन नुसते तास वाढवणं तर आम्हाला झेपणारच नाही.

मला सर्वात जास्त ओढ इन्स्ट्रक्टरच्या कामाची आहे. एक कारण म्हणजे शिकवायला मला मनापासून आवडतं. बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते आहे, त्यावर माझा वरखर्च निघतो. दुसरं कारण आपला विदर्भच. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर एनएफटीआय ही वैमानिक घडवणारी शाळा कित्येक वर्षांपासून आहे, आणि रायबरेलीकडे धुकं पडलं की तिथल्या इग्रुआ या सरकारी शाळेची विमानंही हिवाळ्यात गोंदियाला येतात. नागपूर फ्लाइंग क्लब १९४७ पासूनचा. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाने २०२४ मध्ये वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी शाळा जाहीर केली, त्यासाठी ३१ पायपर आणि ३ डायमंड विमानं मागवली. १६ एप्रिल २०२५ पासून त्याच धावपट्टीवर मुंबईचं एटीआर उतरू लागलं. इथलं स्वच्छ आभाळ आणि मोकळा हवाई प्रदेश बघून बाहेरची मुलं शिकायला येतात. मग शिकवणारे इथले का नकोत?

आणखी एक गोष्ट मनात आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर भागात ढगांमध्ये बीजरोपणाचे (पाऊस वाढावा म्हणून विमानातून ढगात कण सोडण्याचे) प्रयोग केले. कोरडवाहू कापसाच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण त्या कामाबद्दल वाचलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. अशा विमानांवर कमी तासांच्या को-पायलटला जागा असते का? की तिथेही आधी हजारभर तास मागतात?

ड्रोनचं प्रशिक्षण घे, असं बरेच जण सुचवतात. फवारणीला गावात मागणी आहे, काम चांगलंच आहे, पण ते तास विमानाच्या लॉगबुकात धरत नाहीत. त्यामुळे माझा प्रश्न त्याने सुटत नाही.

तर मला हे हवं आहे : असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग (एएफआयआर) केलेल्या कोणी अनुभव सांगावा. आणि विमान कंपनीत ग्राउंडवर, डिस्पॅचमध्ये (उड्डाणाच्या नियोजनात) वगैरे लागून पुढे कॉकपिटपर्यंत गेलेलं कोणी ओळखीत आहे का?

प्रतिसाद

ताई, मी बारा वर्षं शिकवतो आहे. एएफआयआरचा विचार योग्य आहे. विद्यार्थ्यासोबत उडतानाचे तास इन्स्ट्रक्टरच्या लॉगबुकात पीआयसी (विमानाचा मुख्य वैमानिक) म्हणून चढतात, हा मोठा फायदा. सुरुवातीला एफआयच्या (पूर्ण इन्स्ट्रक्टरच्या) देखरेखीखाली काम करावं लागेल, विद्यार्थ्याला पहिल्या सोलोला (एकट्याने उडायला) तुम्ही पाठवू शकणार नाही. पगार एअरलाइनच्या मानाने कमी, आणि उन्हाळ्यात दुपारी विदर्भात छोट्या विमानात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पण एक लक्षात घ्या, हे सगळे तास सिंगल इंजिनचे असतात. जेटच्या जाहिरातीत त्यांचं वजन तुम्हाला वाटतं तेवढं पडत नाही. म्हणून शिकवता शिकवता एटीपीएलचे (सीपीएलच्या वरचं, कॅप्टनला लागणारं लायसन्स) पेपर काढा. नेव्हिगेशन, आरएनआय (रेडिओ आणि उपकरणं), मेट (हवामान). एअरलाइनच्या लेखी परीक्षेला तोच अभ्यास कामी येतो. एटीपीएलचे १५०० तास होईपर्यंत पेपर पाठीमागे नकोत.

वावर विकू नका. पत्र हातात आल्यावर टाइप रेटिंगचं बघता येईल.

ग्राउंड जॉबबद्दल : गेलेले आहेत, मी ओळखतो. पण त्या काळात उडणं सुटतं आणि रीसन्सी (नुकत्याच केलेल्या उड्डाणांचा सराव) परत आणायला खर्च होतो. इन्स्ट्रक्टरची जागा मिळत असेल तर ती आधी. ढगांच्या कामाचं मला माहीत नाही, कोणाला असेल तर लिहा.

धागाकर्ती

खूप आभार सर. पेपरचं मी मागे ठेवलं होतं, आता फॉर्म भरते. शिकवणीच्या पैशात तेवढं बसेल. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. वावराची गोष्ट तूर्तास थांबली आहे, पण बँकेचा हप्ता थांबत नाही, त्यामुळे एएफआयआर लवकर व्हायला हवं. सध्या जो कोणी ते करत असेल त्याने एवढं सांगा : कोर्सला एकूण किती पैसे लागले, आणि शाळेत विमान व एफआय वेळेवर मिळतात का? शिकाऊ मुलांच्या गर्दीत रेटिंगवाल्यांचा नंबर महिनोन्महिने लागत नाही असं ऐकलं आहे. बिरसी किंवा नागपूरकडची माहिती असेल तर फार बरं, बाहेर राहण्याचा खर्च वाचेल.