'सिक्स अगेन'ची घंटा कधी वाजते आणि पेनल्टी कधी मिळते? (ऑस्ट्रेलियन रग्बी लीग)

ऐरोलीची_पहाट, कळवा

मंडळी, प्रश्न आडवळणाचा आहे, पण इथे कबड्डीवाले बरेच आहेत म्हणून इथेच टाकतोय.

मी ऐरोलीला एका कंपनीत सिडनीच्या क्लायंटचं काम बघतो. शिफ्ट पहाटे साडेचारची. पावणेचारला कळव्याहून कॅब निघते तेव्हा रस्त्यावर दुधाचे टेम्पो आणि आम्ही. २०२५च्या मार्चमध्ये सिडनीच्या टीमने मला त्यांच्या 'टिपिंग'मध्ये ओढलं. म्हणजे एनआरएलच्या (ऑस्ट्रेलियातली नॅशनल रग्बी लीग) प्रत्येक फेरीत कोणता सामना कोण जिंकणार ते आधी सांगायचं, बरोबर आलं की एक गुण. मला वाटलं, रग्बी म्हणजे चिखलातली कबड्डी, जमेल. २३ जण होतो. मी २२वा आलो. २३वी जी आहे ती मे महिन्यात बाळंतपणाच्या रजेवर गेली. त्यानंतर तिच्या नावावर आपोआप पाहुण्या संघाची टिप पडत होती. ऑगस्टपर्यंत तीसुद्धा माझ्या पुढे होती!

आता २०२५चा हंगाम संपलाय, अंतिम सामन्यात ब्रिस्बेनने मेलबर्नला २६-२२ हरवलं, आणि मला पुढच्या वर्षी इज्जत वाचवायची आहे. कुमार गटापर्यंत मंडळाकडून खेळलोय, त्यामुळे जे कळलं ते कबड्डीच्या भाषेत कळलं. १३ जणांचा संघ. चेंडू घेऊन धावायचं, पकड झाली की उठून चेंडू पायाने मागे सरकवायचा आणि परत धावायचं. अशा सहा पकडी. सहावी झाली की चेंडू समोरच्याला, म्हणून पाचवीनंतर बहुतेक वेळा लाथ मारून लांब पाठवतात. इथवर ठीक. पण आपल्याकडे पकड झाली की गडी बाद. इथे पकडायचं आणि मग *सोडायचं*. आणि सगळी भांडणं त्या सोडण्यावरून.

पकडणारा वेळेत उठला नाही की कधी घंटा वाजते आणि पकडी परत शून्यापासून मोजतात, यालाच 'सिक्स अगेन' म्हणतात. कधी तोच गुन्हा, तोच पंच, पण शिट्टी आणि पेनल्टी. काय फरक आहे? सिडनीवाल्यांना विचारलं तर हसतात आणि म्हणतात, आम्हालाही माहीत नाही, दरवर्षी बदलतं.

दुसरं म्हणजे, साखळीत पहिली आलेली कॅनबेरा अंतिम सामन्यात का नव्हती? शेवटी मी तिच्यावर सगळा जीव टांगला होता.

भांडुप_लोकल

अंधेरीला जूनमध्ये झाली ती लीग का? टीव्हीवर बघितली होती. मस्त होती.

ऐरोलीची_पहाट

नाही हो दादा. ती रग्बी प्रीमियर लीग, सात-सात जणांची, ऑलिंपिकमध्ये असते ती. ते घराणंच वेगळं.

हडर्सफील्ड_रिटर्न, नेरूळ

घराणं वेगळं आणि भाऊबंदकी जुनी! मी २०२३-२४ मध्ये हडर्सफील्डला एमएससी केलं. रेल्वे स्टेशनातून बाहेर आलं की समोरच जॉर्ज हॉटेल. २९ ऑगस्ट १८९५ला तिथे उत्तर इंग्लंडचे क्लब जमले आणि मूळ रग्बीतून (म्हणजे रग्बी युनियन, सात-सातवालं त्याच घराण्यातलं) फुटून निघाले. तीच ही रग्बी लीग. मी होते तेव्हा हॉटेल बंदच होतं, पण रोज येता-जाता बघायचे.

फुटायचं कारण म्हणजे पगार. खेळणारे गिरणीतले आणि कोळशाच्या खाणीतले. शनिवारी खेळायला गेले की त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्या, असं क्लब म्हणत होते आणि लंडनची साहेब मंडळी म्हणत होती, पैसे घेऊन खेळणं आम्हाला मान्य नाही. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते आणि खाडे करून कबड्डी खेळायचे, त्यामुळे मला बाजू निवडायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

आता मुद्दा. पैसे द्यायचे तर तिकीट विकायला हवं, तिकीट विकायचं तर खेळ बघवला पाहिजे. म्हणून पहिल्या दिवसापासून हे लोक नियम बदलतायत. १९०६ला १५चे १३ खेळाडू केले आणि तुम्ही म्हणता ते 'उठून पायाने मागे सरकवणं' आणलं. तेव्हा सहाची मर्यादा नव्हती बरं का. चेंडू सांडेपर्यंत कितीही पकडी! सिडनीच्या सेंट जॉर्जने १९५६ ते १९६६ सलग ११ विजेतेपदं घेतली. १९६७ला ऑस्ट्रेलियात चार पकडींची मर्यादा आली आणि त्याच वर्षी ती मालिका तुटली. चार फारच कमी पडतात, नुसती घाई होते, असं दिसलं तेव्हा १९७१ला सहा केल्या.

तुमची घंटा २०२०ची. कोविडमुळे हंगाम थांबला होता, मे महिन्यात परत सुरू करताना त्यांनी दोन गोष्टी केल्या. दोनाचा एक पंच केला, आणि पकडीतल्या रेंगाळण्याला पेनल्टीऐवजी घंटा. खेळ थांबवायचाच नाही, मोजणी परत पहिल्यापासून. २०२१ला बचाव करणारे १० मीटर मागे हटले नाहीत तर त्यालाही घंटा लावली. परिणाम काय? दमलेला संघ दमतच राहायचा, श्वास घ्यायला शिट्टीच नाही. त्या वर्षी मेलबर्नने सलग १९ सामने जिंकले आणि एकतर्फी निकाल खूप वाढले.

आणि प्रशिक्षकांनी त्यातली फट शोधली. समोरचा संघ स्वतःच्या गोलरेषेजवळ अडकलाय आणि पहिलीच पकड आहे. तिथे मुद्दाम अंगावर पडून राहायचं. घंटा वाजली तर गेली काय? एक पकड! पण तेवढ्या चार सेकंदांत आपली अख्खी फळी नीट उभी राहते. गुन्हा स्वस्त झाला की लोक करणारच. म्हणून २०२२ ते २०२५ तोडगा असा होता: चेंडू असलेला संघ स्वतःच्या गोलरेषेपासून ४० मीटरच्या आत असेल तर पूर्ण पेनल्टी, म्हणजे लाथ मारून पुढे सरकता येतं आणि वर नव्या सहा पकडी. त्या रेषेच्या पुढे गेला की घंटा. आजवर तुम्ही बघितले ते सामने याच हिशोबाने आठवून बघा, उलगडेल.

ऐरोलीची_पहाट

ताई, शंभर मार्क! मी आठ महिने पंचाच्या तोंडाकडे बघत होतो, बघायचं होतं रेषेकडे.

कोपरीचा_पंच, ठाणे पूर्व

रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण वरचं वाचून हसू आलं, कारण हे सगळं आपण भोगलंय.

पूर्वी आघाडीवर असलेला संघ शेवटची दहा मिनिटं काय करायचा? चढाईला जायचं, 'निदान रेषा' (चढाई वैध ठरायला ओलांडावी लागते ती) ओलांडायची, हात हलवायचे, परत यायचं. प्रेक्षक शिव्या घालायचे, पण नियमात बसत होतं. मग तिसऱ्या चढाईचा नियम आला. लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा नाहीतर बाद व्हा. झालं का भलं? झालं, पण अर्धंच. आता संघ *मुद्दाम* दोन रिकाम्या घालवतात आणि तिसरीसाठी खास गडी ठेवतात, कारण त्या चढाईत पकडणाऱ्यालाही हात घातल्याशिवाय चैन पडत नाही. नियम करणारा एक दार बंद करतो, खेळाडू खिडकीतून येतो. मी ३० वर्षं शिट्टी फुंकतोय, खिडक्या संपलेल्या बघितल्या नाहीत.

एक मात्र खटकलं. एकच गुन्हा, पण अमुक रेषेच्या अलीकडे एक शिक्षा आणि पलीकडे दुसरी? मैदानावर असं सांगायला गेलो तर मंडळाचे कार्यकर्ते मला टेबलासकट उचलतील.

हडर्सफील्ड_रिटर्न, नेरूळ

काका, पण आपल्याकडेही तीन किंवा कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला जादा गुण देतोच की. पकड तीच, परिस्थिती वेगळी.

कोपरीचा_पंच, ठाणे पूर्व

ते बक्षीस आहे, शिक्षा नाही. बक्षीस कमी-जास्त दिलं तर कोणी टेबल उचलत नाही. तरी तुझा मुद्दा ठेवून घेतला. कॅनबेराचं काय झालं ते सांग त्या पोराला.

हडर्सफील्ड_रिटर्न, नेरूळ

१७ संघ, प्रत्येकी २४ सामने, पहिले आठ बाद फेरीत. पहिल्या चारांना एक हार माफ असते. १ विरुद्ध ४ आणि २ विरुद्ध ३, जिंकणारा एक आठवडा विश्रांती घेऊन थेट उपांत्य सामन्यात, हरणाऱ्याला आणखी एक संधी. कॅनबेरा ब्रिस्बेनशी बरोबरीनंतर 'गोल्डन पॉइंट'वर (जादा वेळेत पहिला गुण करेल तो जिंकला) २८-२९ हरली, ती हार माफ झाली, आणि मग मिळालेली दुसरी संधीही क्रोनुलासमोर घालवली. साखळीत पहिलं येण्याला तिथे ढाल मिळते, पण लोकांच्या लेखी चॅम्पियन म्हणजे अंतिम सामना जिंकणाराच. इंग्लंडच्या फुटबॉलसारखं नाही ते.

ऐरोलीची_पहाट

तो ब्रिस्बेनचा सामना बघितलाय! रविवार होता, बायको मटण आणायला पिटाळत होती आणि सामना संपेचना. ८० मिनिटांचा खेळ ९४व्या मिनिटाला एका लाथेवर संपला. साखळीत दहा मिनिटांत गुण झाला नाही तर बरोबरी देतात, मग इथे का चालूच, असं मी ओरडत होतो. आता कळलं, बाद फेरीत निकाल लागेस्तोवर सोडत नाहीत. मटण संपलं होतं, चिकनवर भागवलं.

आणखी एक राग. १७ संघ म्हणजे दर फेरीत निदान एक तरी घरी बसणार, आणि घरी बसण्याचे *दोन गुण*! जिंकण्याइतकेच! हे कुठलं गणित?

हडर्सफील्ड_रिटर्न, नेरूळ

प्रत्येकाला तीन सुट्ट्या, म्हणून शेवटी सगळ्यांचे सहा-सहा गुण वाढतात, फरक शून्य. फक्त मधल्या काळात तक्ता खोटं बोलतो. टिप देताना सुट्ट्या किती झाल्या ते वजा करून बघा. आणि स्टेट ऑफ ओरिजिनच्या दिवसांत, म्हणजे क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्सचे तीन सामने असतात तेव्हा, तगड्या संघांचे चार-पाच जण तिकडे जातात. त्या आठवड्यांत तक्ता विसरा.

२०२७ला पर्थचा संघ येतोय, म्हणजे १८, सम आकडा. खूश होऊ नका, २०२८ला पापुआ न्यू गिनी, म्हणजे १९. तो संघ आणि पॅसिफिक बेटांवरची रग्बी लीग उभी करायला ऑस्ट्रेलियाचं सरकार दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देतंय. तिथे रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ आहे, आणि तो देश चीनच्या जवळ जाऊ नये हा हिशोबही त्यात आहे. लीगची रचना परराष्ट्र खातं ठरवतं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र मला वाईट वाटलं. तिथल्या सुपर लीगमध्ये (सगळ्यात वरची रग्बी लीग) आता वर जायचं की खाली हे नुसतं मैदानावर ठरत नाही. क्लबला २०पैकी गुण देतात: कामगिरी, प्रेक्षक, जमाखर्च, स्टेडियम, आसपासची वस्ती. १५ किंवा जास्त मिळाले की 'अ' श्रेणी, जागा पक्की. लंडन ब्रॉन्कोस २०२३ला तुलूजला त्यांच्याच मैदानात हरवून वर आले, आणि त्याच महिन्यात कागदावरच्या यादीत २४वे निघाले. २०२४चा सगळा हंगाम ते आपण जाणारच हे माहीत असून खेळले. हडर्सफील्ड जायंट्सच्या मॅचला माझ्या शेजारी एक म्हातारबाबा बसायचे, ते म्हणायचे, आता गोल मोजू नका, खुर्च्या मोजा. २०२६साठी १२चे १४ संघ केलेत. ब्रॅडफर्ड, तुलूज, यॉर्क आत आले, सॅल्फर्ड बाहेर गेलं.

कोपरीचा_पंच, ठाणे पूर्व

जिंकून वर आला आणि कागदावर खाली गेला? आमच्या जिल्ह्यात असं केलं तर त्या मंडळाची आई-माई सगळी मैदानात उतरेल. पण खोटं कशाला बोलू, बिनपैशाचा क्लब वर गेला आणि मधेच हंगाम सोडून पळाला तरी पंचाईतच. दोन्ही बघितलंय.

बरोबरीचं म्हणाल तर प्रो कबड्डीने २०२५ला साखळीतसुद्धा बरोबरी बंद केली. पाच-पाच चढाया, तरी सुटलं नाही तर सुवर्ण चढाई. लोकांना वाटतं नवीन आणलं. आमच्या गल्लीतल्या स्पर्धांत पाच-पाच चढाया कित्येक वर्षं चालू आहेत, कारण रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो आणि ट्रॉफी त्याच रात्री द्यायची असते. जिंकल्याला दोन गुण, हरल्याला शून्य, हेही २०२५चंच. पूर्वी सात किंवा कमी गुणांनी हरलं तर एक गुण मिळायचा, म्हणून हरणारा शेवटच्या मिनिटापर्यंत झगडायचा. तो एक गुण काढला ते मला पटलेलं नाही.

ऐरोलीची_पहाट

काका, १०० टक्के. त्या एका गुणासाठी आम्ही एकदा १८ने मागे असताना ६वर आणलं होतं, अजून मित्रांत तोच विषय निघतो.

ताई, वहीत उतरवलंय: ४० मीटरची रेषा, सुट्ट्या वजा, ओरिजिनला तक्ता विसरा. एक शेवटचं. पुढच्या वर्षी नियम परत बदलले तर मार्चआधी इथे टाकाल का? सिडनीच्या टीमला सांगणार नाही.

हडर्सफील्ड_रिटर्न, नेरूळ

टाकते. बदलणार हे नक्की. बक्षिसात माझा वाटा चहाचा.

कोपरीचा_पंच, ठाणे पूर्व

पहाट, तुझी शिफ्ट दुपारी सुटत असेल. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे कुमार गटाचे सामने आहेत आणि ३० सेकंदांचं घड्याळ धरायला माणूस नाही. ये. वडापाव मंडळाचा.

ऐरोलीची_पहाट

येतो काका. साडेपाचला पूर्वेच्या जिन्याखाली उभा राहतो, तिथून कोणाला तरी घ्यायला पाठवा, कोपरीत मी दरवेळी चुकतो.