कन्नड उताऱ्याचे एआयने केलेले मराठी भाषांतर वाटणीसाठी ग्राह्य धरावे का?

प्रश्न (खानापूर तालुका):
आमच्या घरात भावाभावांच्या वाटणीची बोलणी चालू आहेत. मला कन्नड बोलता येते, पण सरकारी कन्नड वाचताना अडखळायला होते; म्हणून जमिनीच्या उताऱ्याचा आणि जुन्या खरेदीपत्राचा फोटो एका एआय ॲपवर टाकून मराठी करून घेतले. भाषा सफाईदार आहे, मात्र क्षेत्र ‘2.20 एकर’ असे आले आणि वडील तर ती जमीन अडीच एकर असल्याचे आम्ही लहान असल्यापासून सांगत आले आहेत. खरे काय मानावे?

उत्तर (बेळगाव):
वडिलांचेच बरोबर असणार. उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे, आणे अशा क्रमाने लिहितात, त्यामुळे तिथे 2-20-0 असेल, तर ते 2 एकर 20 गुंठे, म्हणजेच अडीच एकर होते. यंत्राने मधली रेघ दशांशचिन्ह समजून घेतली असावी. एकराचे 40 गुंठे धरले तर 2.20 एकर म्हणजे जेमतेम 2 एकर 8 गुंठे, आणि तुमचे 12 गुंठे कागदावरच नाहीसे होतात. कन्नड जाणणारा माणूस एखाद्या ठिकाणी ‘हे नीट लागत नाही’ म्हणून थांबतो, पण यंत्र चुकीचा आकडाही त्याच ठामपणे लिहून देते, हे मला सर्वांत घातक वाटते. खराबा (लागवडीलायक नसलेले क्षेत्र) आणि ऋणाचा (कर्जबोजाचा) रकाना जाणकाराकडून वाचून घ्या.

उत्तर (निपाणी):
मला काळजी खरेदीपत्राची वाटते. त्यावर वडिलांचा अंगठा आहे का? 2023 मध्ये कर्नाटकातच नोंदणीकृत दस्तांवरील ठशांच्या नकला करून आधारद्वारे खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार उघड झाले होते. पासवर्ड बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. आणि पाठवलेला मजकूर प्रणाली सुधारण्यासाठी वापरण्याची मुभा अनेक सेवा आपल्या अटींतच घेऊन ठेवतात. ॲपमधील फोटो काढून टाका आणि वडिलांच्या आधारचे बायोमेट्रिक आजच लॉक करा. यापुढे फोटो पाठवायचाच झाला, तर अंगठा व आधार क्रमांक झाकून पाठवा.

प्रश्नकर्ता:
मूळ उतारा पुन्हा पाहिला, 2-20-0 असेच आहे. खरेदीपत्राच्या प्रत्येक पानावर वडिलांचा अंगठा आहे. त्यांना न विचारताच मी ती पाने पाठवली, याचे फार वाईट वाटते. बायोमेट्रिक लॉक केले आहे. भाषांतराची प्रत धाकट्या भावालाही दिली होती, ती आज परत मागून घेतो.