मदत हवी आहे: ऑपरेशनल कन्सेप्ट सगळ्यांनी मिळून चित्रांत मांडायचाय, टूल कोणतं?

नमस्कार मंडळी,

दुर्गम भागात ड्रोनने औषधं पोचवायच्या सिस्टीमचा ऑपरेशनल कन्सेप्ट (म्हणजे सिस्टीम प्रत्यक्षात कोण, कधी, कशी वापरणार याचं वर्णन) आमची टीम तयार करतेय. आयईईई १३६२ च्या साच्यात (असं वर्णन कसं लिहावं याचं मानक; १९९८ चं, पण प्रकरणांची मांडणी अजून कामाची) लिहायला घेतलं, आणि इंजिनिअर सोडून कुणी ते वाचेना. म्हणून डॉक्टर, ड्रोन चालवणारे, देखभालवाले यांना एकत्र बसवून प्रसंग चितारायचे आहेत: नेहमीचं उड्डाण, मध्येच तुटलेला संपर्क, पाऊस आला तर ड्रोन परत कोण बोलावणार.

ऑनलाइन व्हाइटबोर्डवर सगळे हौसेने चिठ्ठ्या चिकटवतात, बाण ओढतात. पण 'नियंत्रण कक्ष' तीन ठिकाणी तीन नावांनी येतो आणि टूलला त्याचं काही देणंघेणं नसतं. सिसएमएलच्या (सिस्टीमचं मॉडेल आकृत्यांतून मांडायची ठरलेली भाषा) टूलमध्ये घटक एकदाच तयार करायचा, मग सगळ्या आकृत्यांत तोच. मात्र सीक्वेन्स डायग्राम (कोण कुणाला कोणत्या क्रमाने निरोप देतो ते दाखवणारी आकृती) उघडला की डॉक्टर मंडळी गप्प. डोडॅफमधल्या (अमेरिकी संरक्षण खात्याची सिस्टीम मांडायची चौकट) ओव्ही-१ सारखं एकच मोठं चित्र सगळ्यांना आवडतं, पण त्यात कशानंतर काय घडतं ते नीट कळत नाही.

तर, साधी चित्रं सगळ्यांनी मिळून हलवायची आणि मागे मॉडेल आपोआप तयार होईल, असं काही कुणी वापरलंय का? की आधी व्हाइटबोर्ड आणि मग एकाने हाताने मॉडेलमध्ये उतरवायचं, हाच व्यवहार्य मार्ग? तसं असेल तर नंतरच्या बदलांत दोन्हींचा मेळ कसा राखता? फुकट असेल तर उत्तम, पण तो मुद्दा नंतरचा.