सौ., श्रीमती की नुसतंच नाव? तुमचं कुठे अडलं?

परवा भाचीच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला बसले आणि मोठ्या आत्यापाशी पेन अडलं. आतोबांना जाऊन दोन वर्षं झाली. 'सौ.' आता चालत नाही, 'गं. भा.' लिहायला हात धजेना. 'श्रीमती' लिहावं तर पाकीट पाहताक्षणी तिला पुन्हा तेच आठवणार. शेवटी 'ती. आत्या आणि परिवार' लिहून सुटले. तुमचे अनुभव येऊ द्यात.

भोपाळची सून
मराठी मी सासरी शिकले. आमच्याकडे हिंदीत श्रीमती म्हणजे लग्न झालेली, विषय संपला. साताऱ्यात शाळेला लागले, स्नेहसंमेलनाच्या फलकावर सगळ्या बाईंच्या नावामागे श्रीमती लिहिलं. मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. "अगं, आमचे हे बाहेर स्कूटर घेऊन उभे आहेत आणि तू मला श्रीमती करून टाकलंस!"

पत्रिका छापणारा, कोल्हापूर
कॉम्प्युटरवर जुनी पत्रिका उघडायची आणि नावं बदलायची, हा आमचा धंदा. त्यात नवऱ्या मुलाच्या आईमागचं 'सौ.' तसंच राहिलं. वडील वारलेले. 400 पत्रिका छापून झाल्या होत्या. मी, बायको आणि पोरगा रात्री एकपर्यंत त्या एका अक्षरावर सोनेरी टिकल्या चिकटवत बसलो. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यानंतर एक-दोन गिऱ्हाइकं स्वतःहून म्हणाली, आईचं नाव पहिलं घ्या, मागं काही लावू नका. नवरीचं मात्र 'चि. सौ. कां.' कुणी सोडत नाही. लग्नाआधीच सौभाग्याचं बुकिंग!

पुण्यातली एक
घटस्फोट झालाय. फॉर्मवर कुमारी, सौ., श्रीमती एवढेच पर्याय. खिडकीपलीकडचे गृहस्थ पेन रोखून, "मग नक्की काय लिहू?" म्हटलं, डॉक्टर लिहा. पीएचडीचा इतका रोकडा उपयोग आजवर झाला नव्हता.

नात
एप्रिल 2023 मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणण्याच्या प्रस्तावाचं पत्र खात्याला दिलं, त्यावर टीव्हीवर रण माजलं होतं. आजी शेंगा सोलत ऐकत होती. "बाईची नदी कशाला करता? पेन्शन वेळेवर टाका म्हणावं."

माजी कंडक्टर
पंचेचाळिशीच्या बाईंना "आजी, पुढं सरका" म्हणालो. मी तिकीट फाडायच्या आत त्यांनी मला फाडलं. तेव्हापासून सगळ्या ताई.

धागाकर्ती
आत्याचा आत्ताच फोन आला. पत्रिका पोचली. म्हणाली, "ती. काय गं? एवढी म्हातारी दिसते का मी?"