संगणक कर्मचाऱ्यांना परवाना सक्तीचा असावा का? ठरावाच्या मसुद्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी आहे. आमचा संगणक सांभाळणारा कर्मचारी फेब्रुवारीत नोकरी सोडून गेला. ग्रॅच्युइटीच्या रकमेवरून धुसफूस होती, तरी आम्ही शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. त्याचे लॉगिन बंद करायचे मात्र कोणालाच सुचले नाही. मार्चअखेरीस त्याच लॉगिनवरून खात्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरलाच जोडलेली असल्यामुळे तीही कोरी झाली. पुढचे नऊ दिवस पिग्मीच्या पावत्या आणि सभासदांची पासबुके टेबलावर पसरून, एकेक ओळ बोटाने धरत आम्ही शिल्लक जुळवली.

पोलिसांत तक्रार दिली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण हाच माणूस उद्या कऱ्हाडच्या एखाद्या संस्थेत रुजू झाला, तर त्यांना हे कळायची सोय नाही. सनदी लेखापालाचे नाव १९४९ च्या कायद्यानुसार नोंदवहीतून काढता येते, वकिलाची सनद जाऊ शकते, औषध दुकानातही फार्मासिस्टचा दाखला भिंतीवर लागतो. म्हणून शासनाने संगणक कर्मचाऱ्यांना परवाना सक्तीचा करावा, असा ठराव वार्षिक सभेत मांडण्याचे अध्यक्षांनी ठरवले असून मसुदा माझ्या गळ्यात पडला आहे.

माझे मन मात्र द्विधा आहे. ऑस्ट्रेलियातील मारूची येथे २००० साली, नोकरी नाकारल्याच्या रागातून एका माजी कंत्राटी तंत्रज्ञाने रेडिओ संदेशांद्वारे सांडपाण्याचे पंप बिघडवून सुमारे ८ लाख लिटर मैला ओढ्यांत आणि बागांत सोडला होता. तो परवान्याच्या भीतीने थांबला असता का? अमेरिकेत सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या परवान्यासाठी २०१३ साली सुरू झालेली परीक्षा उमेदवारांअभावी २०१९ मध्ये बंद झाली. शिवाय आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या आहेत, एक व्यवस्थापकाकडे आणि एक रोखपालाकडे. सर्व्हरचा पासवर्ड मात्र एकाच माणसाला ठाऊक होता. हा दोष परवान्याने कसा जाणार?

जाणकारांनी कृपया सांगावे: परवाना फक्त सर्व्हरचे पूर्ण अधिकार असणाऱ्यांनाच मागावा, की प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या मुलालाही? तो रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे असावा, म्हणजे चिडलेला मालक त्याचा गैरवापर करणार नाही? आणि दोन किल्ल्यांसारखी व्यवस्था सर्व्हरला लावायची, तर संस्थेच्या नियमांत नेमके कोणते शब्द घालावेत? विषयपत्रिका शनिवारी छापायला द्यायची आहे.