वॉरंटी संपताच एएमटी गाडी न्यूट्रलमध्ये अडकते : दोष गिअरबॉक्सचा की वायरिंगचा?

रोजची_अक्कलकोटवारी

नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी एएमटी (क्लचचे पेडल नसलेली, गिअर आपोआप टाकणारी) हॅचबॅक असून तिची तीन वर्षांची वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली. नोकरीनिमित्त जुळे सोलापूर ते अक्कलकोट असा माझा रोजचा प्रवास असतो, त्यामुळे शहरातला थोडा भाग सोडला तर गाडीचे धावणे बहुतांशी मोकळ्या रस्त्यावरचे आहे.

तक्रार अशी की, दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू करून, ब्रेक दाबून लिव्हर ड्राइव्हमध्ये घेतला की मीटरवर ‘एन’ हे अक्षर लुकलुकत राहते, बझर वाजतो आणि गाडी जागची हलत नाही. किल्ली बंद करून, थोडे थांबून पुन्हा सुरू केली की काही घडलेच नाही अशा थाटात पहिला गिअर पडतो. शिवाय सात रस्त्याच्या गर्दीत सरपटत पुढे जाताना गाडी हिसके देते. याच काळात इतरही कुरबुरी सुरू झाल्या आहेत : सेल्फ मारताना म्युझिक सिस्टिम बंद पडून पुन्हा चालू होते, घड्याळ मागे जाते आणि सेल्फ स्वतःही जड फिरतो. सकाळी निघताना मात्र सहसा काही त्रास होत नाही.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि ‘गिअरबॉक्सचा कोड येतो आहे, ॲक्च्युएटरचा (क्लच आणि गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचा) पूर्ण संच बदलावा लागेल’ असे तोंडी सांगितले. खर्च ₹५०,००० च्या पुढे जाईल म्हणतात. नेमका कोणता कोड आला, हे विचारूनही कागदावर दिले नाही. वॉरंटीत असतानाच्या शेवटच्या सर्व्हिसिंगला मी हिसक्यांची तक्रार केली होती, तेव्हा ‘एएमटीत एवढे चालायचेच’ असे उत्तर मिळाले होते. त्यानंतर गाडीत झालेला बदल एवढाच की बाहेरच्या दुकानातून रिव्हर्स कॅमेरा आणि जोडहॉर्न बसवून घेतला.

गिअरबॉक्सचा दोष आणि विजेचा दोष वेगवेगळे ओळखायचे कसे, आणि वॉरंटी संपलेली असताना कंपनीकडे काही मागता येते का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_बाजार

तीन वर्षे झाली म्हणजे बॅटरी गेली. आपल्याकडच्या उन्हात त्याहून जास्त टिकतच नाही. नवी बॅटरी टाका, सगळ्या कुरबुरी एकदम थांबतील. ॲक्च्युएटरच्या नादी लागू नका.

पाना_आणि_मीटर

ताई, ॲक्च्युएटरच्या नादी एवढ्यात लागू नये, या मताशी मी सहमत आहे. पण न तपासता बॅटरी बदलणे हीसुद्धा त्याच जातीची घाई होईल. उन्हाने बॅटरीचे आयुष्य घटते हे खरेच आहे, मात्र थकलेली बॅटरी आपला अशक्तपणा सहसा पहाटेच्या गारव्यात दाखवते. तुमची गाडी सकाळी ठीक आणि दुपारी हट्टी असते, ही गोष्ट मला बॅटरीपेक्षा एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडणीकडे नेते, कारण अशी जोडणी तापली की तिचा अवरोध वाढतो आणि नेमके त्याच वेळी एसी आणि रेडिएटरचा पंखा यांचा भारही असतो.

आधी एएमटी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे. हा वेगळ्या जातीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाही. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी कोरडी क्लच प्लेटच असते. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तुमच्या हातापायांऐवजी ॲक्च्युएटर करतो. अनेक गाड्यांत त्यासाठी विजेवर चालणारा छोटा पंप तेलाचा दाब तयार करतो, तर काही गाड्यांत तेल नसून नुसत्या मोटारी असतात. तुमच्या गाडीत पंप असेल, तर चालकाचे दार उघडताच बॉनेटखालून बारीक घरघर ऐकू येईल. हा पंप, सेन्सर आणि त्यांचा कंट्रोलर हे सगळे १२ व्होल्टच्या त्याच बॅटरीवर जगतात. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळले की कंट्रोलर गोंधळतो आणि गिअर टाकायला नकार देतो. तो नकार मीटरवर ‘गिअरबॉक्सचा बिघाड’ म्हणून उमटतो आणि मग आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते.

म्हणून पुढील मोजमापे कोणत्याही चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून स्वतः समोर उभे राहून करून घ्या. मात्र त्याआधी बॅटरीची वायर काढू देऊ नका. तसे केल्याने काही गाड्यांतील नोंदलेले कोड आणि क्लचची शिकलेली स्थिती पुसली जाते, म्हणजे पुरावाच नाहीसा होतो. पहिले काम स्कॅनिंगचे. कोडचा आकडा आणि तो आला त्या क्षणीची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, यांचा फोटो काढून ठेवा. ‘पी०७००’ हा कोड एवढेच सांगतो की ट्रान्समिशनच्या कंट्रोलरने तक्रार नोंदवली आहे. कोणता भाग खराब आहे हे तो सांगत नाही. खरी तक्रार त्या कंट्रोलरच्या आत असते आणि ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. सोबत ‘पी०५६२’, म्हणजे व्होल्टेज कमी, किंवा ‘यू०१०१’, म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोलरशी संपर्क तुटला, असा कोड असेल तर संशय वायरिंगकडे वळवायला हवा.

मग मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यावेत, परंतु बॅटरी सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमीजास्त करतो, त्यामुळे हेडलाइट आणि पंखा लावून पाहावे.

सर्वांत महत्त्वाची आणि हमखास वगळली जाणारी तपासणी अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूच्या अंगाशी जोडणाऱ्या वायरीची. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर) आणि लाल पिन गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर टेकवून दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची वायर किंवा तिचा बोल्ट दोषी समजावा. पुष्कळ जण इथे मीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड आहे का ते बीपने सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवून ‘बीप वाजतो, म्हणजे अर्थ चांगला’ असा निर्वाळा देतात. तो निर्वाळा फोल आहे. वायरीची एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो, पण सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह त्या एका तारेतून जाणार नाही. भारासहितच मोजायला हवे.

ब्रेकचा स्विचही बघा. ब्रेक दाबल्याचा संकेत कंट्रोलरला मिळाला नाही तर तो न्यूट्रलमधून गिअर टाकत नाही, आणि हा स्विच ॲक्च्युएटरच्या मानाने अगदीच किरकोळ किमतीचा असतो. मागचे दिवे लागतात एवढ्यावर समाधान मानू नये, कारण अनेक स्विचमध्ये दोन वेगळे संपर्क असतात. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये दोन्ही बदलताना दिसले पाहिजेत.

खरोखर क्लच झिजला असेल तर लक्षणे निराळी असतात. तुळजापूरचा घाट चढताना इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो. ॲक्च्युएटरच्या टाकीतले तेल पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर गळती आहे. यांपैकी काही तुम्हाला जाणवते का? आणि तो कॅमेरा व हॉर्न यांचा अर्थ दुकानदाराने कुठे जोडला आहे, ते आवर्जून पाहा. अशी दुकाने जो बोल्ट आधी हाताला लागेल त्याखाली वायर दाबून टाकतात.

कागदोपत्री

तांत्रिक भाग वर आलाच आहे. मी फक्त कागदांपुरते लिहितो. वॉरंटी काळातील त्या सर्व्हिसिंगचे जॉबकार्ड शोधा. त्यावर हिसक्यांची तक्रार लिहिलेली असेल तर तुमचे पारडे बरेच जड आहे, कारण दोष वॉरंटीत असतानाच कळवला होता हे त्यातून दिसते. तक्रार तोंडीच राहिली असेल तर त्या वेळचे संदेश किंवा ईमेल पाहा. त्यांच्या आधारे सर्व्हिस सेंटरला नव्हे, तर थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवून खर्चात वाटा उचलण्याची मागणी करा. वॉरंटी नुकतीच संपलेली असताना कंपन्या कधीकधी सद्भावना म्हणून सुट्या भागांचा काही खर्च सोसतात. तो तुमचा हक्क नसतो, पण मागितल्याशिवाय कोणी देतही नाही.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करावी. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी तुमची तक्रार सोलापुरातच चालू शकते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली किंमत ₹५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, ₹५ ते १० लाखांदरम्यान ₹२०० आहे. मात्र बाहेर बसवलेल्या कॅमेऱ्यामुळे दोष उद्भवला असे निघाले, तर कंपनी त्याकडेच बोट दाखवणार हे लक्षात असू द्या.

रोजची_अक्कलकोटवारी

सर्वांचे आभार. अशोक चौकातील एका इलेक्ट्रिशियनकडे समोर उभी राहून तपासणी करून घेतली. कोड ‘पी०७००’ आणि ‘यू०१०१’ असे दोन आले. बॅटरी उभी असताना १२.५ आणि सेल्फ जड फिरत असतानाही ११.१ व्होल्ट. गिअरबॉक्सवरच्या अर्थच्या चाचणीत मात्र मीटर १.३ दाखवत होता. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.१, आणि अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) स्वतःच्या टर्मिनलवर व अंगावर मोजले तर १४.३. ब्रेकचे दोन्ही संकेत बरोबर आहेत. घाटात तसे काही जाणवत नाही आणि तेलाची पातळीही योग्य आहे.

बॅटरीखालच्या पट्टीजवळचा अर्थचा बोल्ट खोलला, तेव्हा मूळ वायरीच्या रिंगखाली हॉर्नच्या वायरीची पातळ रिंग तिरकी दाबलेली होती आणि तिच्याभोवती हिरवट थर चढला होता. मूळ रिंगचा एक कोपराच काय तो पत्र्याला टेकत होता. पॉलिश पेपरने घासून, हॉर्नचा अर्थ दुसरीकडे नेऊन बोल्ट आवळल्यावर तीच चाचणी ०.०८ वर आली. सेल्फ मोकळा फिरतो, म्युझिक सिस्टिम बंद पडत नाही, आणि दुपारी ‘एन’ लुकलुकणेही अद्याप दिसलेले नाही. सरपटताना येणारे हिसके मात्र थोडे उरले आहेत. आता काय करावे?

पाना_आणि_मीटर

आकडे बोलके आहेत. बॅटरी खरोखर थकलेली असती तर सेल्फ जड फिरताना तिचे व्होल्टेज खूप खाली आले असते. इथे ते ११ च्या वरच राहिले, म्हणजे प्रवाह वाटेतच अडत होता. अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यातला १.२ व्होल्टचा फरकही त्याच बोल्टवर खर्ची पडत होता. गिअरबॉक्सच्या अंगाचा आणि इंजिन कंट्रोलरचा अर्थ असा वरखाली झाला की त्यांच्यातला संवाद तुटतो, म्हणून ‘यू०१०१’. नवी बॅटरी टाकूनही हे गेले नसते, आणि ॲक्च्युएटर बदलतानाही बहुधा तो बोल्ट खोलून घासला गेला असता, मग श्रेय अर्थातच ॲक्च्युएटरला मिळाले असते.

उरलेले हिसके हा निराळा विषय आहे आणि ते कॅमेरा-हॉर्न बसवण्याच्या आधीपासूनचे आहेत. क्लच जसजसा झिजतो तसतसा तो पकडण्याचा बिंदू सरकतो, आणि कंट्रोलरला तो नव्याने शिकवावा लागतो. हे काम कंपनीच्या स्कॅनरने होते, त्यात कोणताही भाग बदलत नाही. ‘क्लच कॅलिब्रेशन करून द्या आणि क्लचच्या झिजेचे आकडे कॅलिब्रेशनच्या आधी व नंतर छापून द्या’ असे जॉबकार्डवर लिहवून घ्या. हिसक्यांची जुनी तक्रार लिहिलेले जॉबकार्ड सापडले असेल तर हे कॅलिब्रेशन विनामूल्य मागायला हरकत नाही. त्यांनी पुन्हा ॲक्च्युएटरचे नाव काढले तर पंपाचा दाब आणि कोड लेखी मागा. आणि गाडी देण्यापूर्वी जुने दोन्ही कोड पुसून घ्या, म्हणजे पुढे जे येतील ते नवेच असतील.